ऑगस्टची परीक्षा

"मघाशी मी काही शब्द वाचून दाखवले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवढे आठवतील तेवढे सांगा. घाई नाही."

रोडरिक पेटवे खुर्चीत सावरून बसला. टायची गाठ सकाळी बायकोने बांधून दिली होती, ती त्याने उगाचच चाचपली. "कुंपण," तो म्हणाला. "घोडा. कंदील." मग बराच वेळ काहीच नाही. "बारा होते ना?"

"बारा होते."

"लोणी होतं का त्यात?"

"ते मला सांगता येणार नाही, मिस्टर पेटवे."

"होतं. लोणी होतं." तो थांबला. कपाळावर घाम आला होता आणि खोलीत तर चांगला गारवा होता. "अजून एक मिनिट देता का? जिभेवर आहेत सगळे."

बाईंनी एक मिनिट दिलं. मग आणखी एक दिलं. माणूस वाईट नव्हती ती. पण बाराचे चार झाले ते चारच राहिले. त्यानंतर आकृत्या झाल्या, उलटे आकडे झाले, पडद्यावर लाल चौकोन आला की बटण दाबायचं झालं. तीन तास हे चाललं. गाडीत बायकोने, लाटोन्याने, त्याला बजावून सांगितलं होतं, "येत नाही ते सरळ येत नाही म्हण. ताणू नकोस. आपल्याला इथं पहिला नंबर काढायचा नाहीये." तो हो म्हणाला होता. पण ज्याने उभी हयात मैदानाच्या मागच्या टोकाला उभं राहून दहा जणांना त्यांच्या त्यांच्या जागा सांगितल्या, त्याला एका बाईसमोर बसून 'येत नाही' म्हणणं जमेना. जीव तोडून केलं त्याने.

शेवटी बाईंनी कागद आवरले आणि सगळ्यांना विचारतात तो प्रश्न त्यालाही विचारला. "पूर्ण प्रयत्न केलात ना?"

"आयुष्यात पहिल्यांदा," रोडरिक म्हणाला.

बाईंना तो विनोद वाटला. त्या हसल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

टॅलो क्रीक गावात आज कुणालाही विचारा, रोडरिक पेटवेला आपणच घडवला असं सांगणारे पन्नास भेटतील. चर्चमधले डीकन सांगतील, पेट्रोल पंपावरचा म्हातारा सांगेल. कसलं काय. त्याची आई ऑर्लीन शाळेच्या भटारखान्यात पावांची तबकं उचलायची, बाप कधीच डेट्रॉइटला निघून गेला होता, आणि पोराकडे अमेरिकी फुटबॉलला, हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन खेळतात त्याला, लागतं त्यातलं काहीही नव्हतं. उंची बेताची. पाय त्याहून बेताचे. मागची राखण करणाऱ्या गड्याला पळता आलं पाहिजे, नाहीतर समोरचा चेंडू घेऊन केव्हाच पसार होतो. शाळेचे कोच उघड म्हणायचे, "पेटवेचे पाय अजून घरातून निघायचे असतात, पण डोकं केव्हाच चर्चमध्ये जाऊन पुढच्या बाकावर बसलेलं असतं."

त्या डोक्यावरच तो पुढे गेला. सेफ्टी म्हणजे अगदी शेवटचा गडी. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, समोरचे अकरा जण कसे उभे आहेत ते क्षणात वाचायचं, आणि खेळी सुरू व्हायच्या आत आपल्या माणसांना ओरडून हलवायचं. तू दोन पावलं डावीकडे. त्याच्या नादी लागू नकोस, तो नुसता पळून दाखवणार आहे. चेंडू त्या उंच्याकडे जाणार. आणि चेंडू उंच्याकडेच जायचा. सतराव्या वर्षी हा मुलगा हे करत होता. कॉलेजने बोलावलं ते त्याच्या पायांकडे बघून नव्हे.

कॉलेजात खेळींची जाडजूड वही मिळाली. बाकीची पोरं ऑक्टोबरपर्यंत ती चाळत बसायची. याने चार दिवसांत पाठ केली, वर समोरच्या संघाचं डोकं कसं चालेल तेही मागच्या पानांवर लिहून ठेवलं. इतिहासात पदवी घेतली, तीही वेळेवर. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे ते कुणीच विचारणार नाही.

डोक्याची परीक्षा निघाली ती त्याच्या दुसऱ्या वर्षी. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने संगणकासमोर बसायचं. शब्द, आकृत्या, रंग. गुण जपून ठेवायचे. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. गुण घसरलेले दिसले तर ते पूर्ववत होईपर्यंत खेळायचं नाही. ज्यांनी ही युक्ती काढली ते फार हुशार लोक असणार. मैदानावर मात्र ते कधी उभे राहिलेले नसावेत.

संगणकाच्या खोलीबाहेर पोरांची रांग लागली होती. रोडरिकच्या पुढे क्विंटेल बॉयकिन उभा होता. दोन वर्षांनी मोठा, कडेची राखण करणारा, सगळ्या कॉलेजचा लाडका. त्याने मागे वळून कोपराने ढोसलं.

"काय पंडित, अभ्यास करून आलास?"

"याचा काय अभ्यास करायचा?"

"म्हणजे तू सगळं बरोबर लिहिणार."

"मग काय चूक लिहू?"

"चूकच लिही, गाढवा." बॉयकिनने आवाज खाली आणला. "ऐक. ऑक्टोबरात तुझ्या टाळक्यात बसणारच आहे. तेव्हा हेच परत लिहायला बसवतील. आज नव्वद काढलेस आणि त्या दिवशी साठ आले, की बस बाकड्यावर तीन आठवडे. तीन आठवड्यांत तुझ्या जागी दुसरा कुणीतरी उभा राहतो, आणि तुझे पाय तर असे. परत कोण घेणार तुला? आज साठ काढ. मग तेव्हाही साठच. कोण काय बोलणार?"

"पकडतील की."

"सगळं चुकवलंस तर पकडतात. तीनात एक चुकव. आणि ओळीने नको, कुठं पहिला, कुठं तिसरा. काय?"

रोडरिकने मान डोलावली. त्याने आत जाऊन तीनात एक चुकवला. सोपं नसतं ते. बरोबर उत्तर आधी माहीत असावं लागतं, मग ते बाजूला सारून दुसरं द्यायचं, आणि किती दिली त्याचा हिशेब डोक्यात ठेवायचा. त्याला एकसष्ट पडले. यात काही लबाडी आहे असं त्या रांगेत कुणालाच वाटलं नाही. घोट्याला पट्टी बांधतात, तसंच हे. आणि ज्या पोराने चार दिवसांत वही पाठ केली, त्याला एकसष्टच कसे, असं गोऱ्या प्रशिक्षकांपैकीही कुणाच्या मनात आलं नाही. काळ्या पोराला एकसष्ट म्हणजे त्यांच्या हिशेबी ठीकच असावेत. ही गोष्ट पुढे लाटोन्याने बोलून दाखवली, तोवर रोडरिकला सुचलीही नव्हती.

कॉलेज संपल्यावर पैसे देऊन खेळवणाऱ्या मोठ्या संघांपैकी त्याला कुणी निवडलं नाही. आठवडाभराने उत्तरेकडच्या एका थंडगार शहरातून फोन आला, चाचणीला ये, तुझं तू बघ. तो गेला आणि संघातल्या शेवटच्या जागेवर कसाबसा टिकला. पाच हंगाम, तीन शहरं. दर ऑगस्टमध्ये तीनात एक. एकदा साठ, एकदा बासष्ट, पुन्हा साठ.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी समोरच्या धावपटूचा गुडघा त्याच्या हेल्मेटवर बसला. तो उठला, अंग झाडलं आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. तिथल्या एकाने त्याला खांद्याला धरून वळवलं आणि पाठवून दिलं. प्रेक्षक हसले. टीव्हीवर ते तीन वेळा दाखवलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. एकसष्ट. डॉक्टरने पाठ थोपटली. पुढच्या रविवारी त्याने समोरच्यांचे दोन चेंडू हवेत पकडले. घरी आल्यावर लाटोन्याने ती फीत लावली, तेव्हा त्याने पाहिलं. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, कुणी दुसराच माणूस पकडत होता जणू. पण तिला तसं बोलला नाही.

सहाव्या ऑगस्टमध्ये सकाळी दारावर टकटक झाली. निरोप्या म्हणाला, "कोचनी बोलावलंय. वही बरोबर घे." वही घेऊन बोलावणं म्हणजे काय ते या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. वही परत द्यायची, हात मिळवायचा, विमानतळावर जायला गाडी तयार असते. अठ्ठावीस वर्षांचा होता तो.

गावात त्याला गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात काम मिळालं. व्हॅन घेऊन गॅरेजा-गॅरेजांत ब्रेक, पट्टे, फिल्टर पोचवायचे. लोक मिस्टर रॉड म्हणून हाक मारायचे, तो हसायचा. दहा-अकरा वर्षं उत्तम गेली. मग एकदा पट्टे फिल्टरांच्या जागी गेले. मग तीन वेळा गेले. मग एका दुपारी हमरस्त्यावरच्या चौकात त्याची व्हॅन उभी दिसली. सिग्नल हिरवा होत होता, लाल होत होता, हा स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला. शेरिफच्या माणसाने काचेवर टिचकी मारली तेव्हा तो म्हणाला, "मी हलतोच आहे, पण त्यांनी अजून चेंडू टाकलेला नाही." दुकानाचे मालक भले होते. त्यांनी त्याला कामावरून काढलं नाही, विश्रांती घ्या म्हणाले. त्यानंतर व्हॅनवर दुसरा ड्रायव्हर आला.

घरी त्याला एकट्याला ठेवायची सोय उरली नाही. लाटोन्या वृद्धाश्रमात सेविका होती. दोनदा शेगडी चालू राहिली, एकदा तो मागच्या दाराने निघून नदीपर्यंत गेला. खेळाडूंसाठी एक मंडळ नेमलेलं होतं. खेळामुळे डोकं गेलं असं त्या मंडळाने मान्य केलं की घरी दिवसा माणूस मिळतं, औषधपाणी होतं. लाटोन्याला ते माणूस हवं होतं. रोडरिकला त्या मान्य करण्याचीच जास्त ओढ होती. गावात लोक आता त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले होते. कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं की या माणसाचं डोकं चांगलं होतं आणि ते असं असं गेलं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. म्हणून तर ते टाय बांधून माँटगोमेरीला, मंडळाच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते.

मंडळाचं पत्र जूनमध्ये आलं. लाटोन्याने ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्यानेच वाचलं.

"मोठ्याने वाच," रोडरिक म्हणाला.

"काही नाही. जेव तू."

"टोन्या. वाच."

तिने वाचलं. "'अर्जदाराचे आजचे गुण व खेळत असतानाच्या काळातील गुण यांत लक्षणीय फरक आढळत नाही. अर्जदाराची बौद्धिक पातळी पूर्वीपासूनच अशी असल्याचे दिसते.'" तिने कागद खाली आपटला. "दुसऱ्याच कुणाचे कागद घातलेत यांनी. तुझी पदवी भिंतीवर आहे म्हणावं, येऊन बघा. पूर्वीपासून म्हणे. मी आत्ता फोन लावते."

"नको लावूस."

"का नको?"

त्याने ताटातला कॅटफिशचा तुकडा एका कडेला सारला. "ते माझेच गुण आहेत. मुद्दाम काढलेले." आणि मग त्याने तिला रांग सांगितली, बॉयकिन सांगितला, तीनात एक सांगितलं. हे सांगताना तो कुठेही अडखळला नाही. लाटोन्या ऐकत उभीच राहिली.

"दर वर्षी?"

"सगळेच करायचे गं."

"सगळ्यांची बायको मी नाही." ती आता बसली. "ज्या रविवारी तू त्या लोकांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास, त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, पास झालो म्हणून. मी बुधवारी चर्चमध्ये उभी राहिले, रॉड. सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, देवाने माझ्या नवऱ्याचं डोकं राखलं. आई रडल्या होत्या तुझ्या. आणि तू?"

"मला खेळायचं होतं."

"खेळलास ना? झालं तर मग."

ती आठ दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग नवव्या दिवशी स्वतःच बॉयकिनचा नंबर शोधून काढला. बॉयकिन आता मोठ्या संघात राखणदारांचा कोच होता, टीव्हीवर दिसायचा. तिने फोन लावून रोडरिकच्या हातात दिला आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा केला.

"पंडित? अरे भावा, किती वर्षांनी." बॉयकिन खरंच खूश झालेला वाटला. "कसा आहेस? पोरांना तुझं नाव सांगत असतो मी अजून. म्हणतो, पाय नसलेला एक सेफ्टी होता, पण नजर बघावी त्याची."

"क्विंटेल, ऑगस्टची परीक्षा आठवते का रे?"

"न आठवायला काय झालं." तो हसला. "तीनात एक. तू तर एकसष्टच्या खाली-वर हलायचा नाहीस, सगळे चाट पडायचो आम्ही."

लाटोन्याने डोळे मिटून घेतले. रोडरिकच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत असा उजेड दिसला नव्हता. "तेवढंच लिहून देशील का?" तो म्हणाला. "माझी केस आहे मंडळापुढे. ते म्हणतात, मी आधीपासूनच असा होतो. तू लिहिलंस की मी मुद्दाम..."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"भावा, हे कुणासमोर बोलतोयस तू? फोनवर अजून कुणी आहे का?"

"टोन्या आहे."

"नमस्कार, टोन्या," बॉयकिन म्हणाला, आणि त्याचा आवाज आता टीव्हीवरचा झाला होता. "हे बघ रॉड, मला तुझ्याबद्दल फार वाईट वाटतंय. पण मी आज पन्नास पोरांना शिकवतो. मी असं काही लिहिलं तर मला उद्या घरी बसवतील. आणि खरं सांगायचं तर असं काही मी कुणाला शिकवल्याचं मला आठवत नाही."

"आत्ता तर म्हणालास."

"नाही रे बाबा. नाही आठवत. सांभाळ स्वतःला. प्रार्थना करीन मी तुझ्यासाठी."

फोन बंद झाला. लाटोन्या बॉयकिनला बरंच काही बोलली, ते इथे लिहीत नाही. रोडरिक मात्र म्हणाला, "त्याला तीन पोरं आहेत," आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

लाटोन्याने फेरविचाराचा अर्ज केला होता, त्याची सुनावणी जुलैत फोनवरच झाली. लाटोन्याने वृद्धाश्रमातून जेवणाची सुट्टी घेतली आणि दोघं गाडीत बसले. मंडळाचा माणूस अगदी मृदू बोलणारा होता. असल्या कामाला मुद्दाम अशीच माणसं ठेवत असावेत.

"म्हणजे तुमचं म्हणणं, त्या काळात तुम्ही जाणूनबुजून चुकीची उत्तरं दिलीत."

"हो, साहेब."

"दर वर्षी."

"हो."

"त्यात तुमचा फायदा होता म्हणून."

"खेळता यावं म्हणून, साहेब."

"समजलं. आणि या परीक्षेतही गुण कमी पडण्यात तुमचा फायदाच आहे, मिस्टर पेटवे. मग या वेळी तुम्ही तसं केलं नाहीत, हे आम्ही कशावरून मानायचं?"

लाटोन्या तोंड उघडणार होती, त्याने तिच्या हातावर हात ठेवला. समोर वृद्धाश्रमाच्या ओट्यावर दोन म्हातारे चाकाच्या खुर्च्यांत ऊन खात बसले होते.

"कारण आता मला एवढंच येतं," तो म्हणाला.

"नोंद घेतली आहे," माणूस म्हणाला.

अर्ज फेटाळला गेला. वर कागदोपत्री एक शब्द वाढला, अप्रामाणिकपणा. आता त्याच्या नावावर दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या, की हा मूळचाच मंद आहे आणि हा लबाड आहे. एकाच माणसाच्या अंगी दोन्ही कशा असतील, हे विचारायला मंडळाला वेळ नव्हता. लाटोन्या त्याला रोज आपल्याबरोबर कामावर नेऊ लागली. तिथल्या मोठ्या खोलीत ऐंशी-पंचाऐंशीच्या म्हाताऱ्यांमध्ये हा बेचाळीस वर्षांचा रुंद खांद्यांचा गडी बसायचा. ठिपक्यांच्या सोंगट्यांचा डॉमिनोज खेळायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. एक म्हातारी त्याला आपला मुलगा समजायची. तो तिच्या हाकेला ओ द्यायचा.

शाळेतल्या पोरांशी बोलायची कल्पना लाटोन्याची. ऑगस्ट आला होता आणि आता शाळेतही ती परीक्षा होते. ती सरळ कोच ग्लास यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "उद्या तुमची पोरं त्या संगणकासमोर बसणार. त्याआधी माझ्या नवऱ्याला दहा मिनिटं बोलू द्या." कोच कां-कूं करत होते. ती म्हणाली, "दहा मिनिटं मिळतील तेव्हाच मी इथून निघेन." मग दहा मिनिटं मिळाली.

तिने जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून दिलं. व्यायामशाळेच्या लाकडी फरशीवर पन्नासेक पोरं मांड्या घालून बसली होती, अंगाला घामाचा वास. रोडरिक पुढे उभा राहिला आणि त्याने वाचलं. बरं वाचलं. आपण कोण, कुठे कुठे खेळलो, दर ऑगस्टला मुद्दाम चुकीची उत्तरं कशी दिली. उद्या खरं लिहा. डोक्याला लागलं तर सांगा. जागा गेली तर जाऊ दे. तुमच्या आईला तुम्ही घरी हवे आहात. तो वाचत होता तसतशी लाटोन्या दाराशी उभी राहून ओठ हलवत होती. पोरं शांत होती, मान देऊन ऐकत होती. पाच हंगाम खेळलेला माणूस होता तो, त्यातला एकही त्यांच्यापैकी कुणाच्या नशिबी येणार नव्हता.

"काही विचारायचंय कुणाला?" कोच ग्लास म्हणाले.

दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला. पोरगा लहानखुरा होता, पाय किडकिडीत. पण बोलायच्या आधी त्याने डोळ्यांनी सगळी खोली फिरून घेतली, कोच कुठे आहेत, दार कुठे आहे. रोडरिकने ते बरोबर टिपलं. हा सेफ्टी असणार.

"सर, तुम्ही इतकी वर्षं केलंत आणि एकदाही पकडले गेला नाहीत," पोरगा म्हणाला. "म्हणजे नेमके किती चुकवायचे?"

खसखस पिकली. "ए, खाली बस," कोच म्हणाले, पण तेही हसत होते. पोरगा मात्र हसत नव्हता. त्याला खरंच हवं होतं.

आणि रोडरिकला सगळं आठवलं. मेंदूत गेली दोन वर्षं जे काही यायचं ते फाटून, विटून यायचं. हे मात्र सबंध आलं. रांग, कोपराची ढोस, खाली आणलेला आवाज, किती, कसे, कुठला पहिला आणि कुठला तिसरा. पन्नास तोंडं त्याच्याकडे वळलेली होती, त्याच्या एका शब्दासाठी थांबलेली. एके काळी दहा जण असेच थांबायचे. शब्द जिभेवर होता. सांगितला असता तर या खोलीतल्या एकालाही पुन्हा कधी वाटलं नसतं की हा माणूस मूळचाच मंद आहे. त्याला सांगावंसं वाटलं. फार वाटलं.

त्याने पोराच्या किडकिडीत पायांकडे पाहिलं. मग नजर हळूच सुटू दिली, वर भिंतीकडे, मग छताकडे, रोज सकाळी त्याच्यासमोर डॉमिनोज मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्यांची सुटते तशी. ओठ जरासे उघडे ठेवले.

"काय विचारलंस, बाळा?"

"किती चुकवायचे, सर. उत्तरं."

रोडरिकने हातातलं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. मागच्या रांगेत कुणीतरी खाली मान घातली.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"ठीक आहे, मिस्टर पेटवे, ठीक आहे." कोच ग्लास लगबगीने पुढे आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. ते आता मोठ्याने आणि सावकाश बोलत होते. "होतं असं. काही हरकत नाही. टाळ्या वाजवा रे सगळ्यांनी." टाळ्या वाजल्या. पोरगा खाली बसला होता आणि शेजारच्याला काहीतरी विचारत होता. रोडरिक दंड धरू देऊन, पाय ओढत, फरशीच्या कडेकडेने दारापर्यंत गेला. लाटोन्याने त्याला कोचच्या हातातून आपल्या हातात घेतलं. तिचे डोळे भरले होते.

"जाऊ दे रे," ती गाडीपाशी म्हणाली. "सगळं किती छान वाचलंस. शेवटचं तेवढं विसरलास, विसरलास."

"विसरलो," तो म्हणाला.

तिने त्याला आत बसवलं आणि वाकून त्याचा सीटचा पट्टा लावला. पट्टा त्याला लावता येत होता. तिने लावेपर्यंत तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.